दोन बोटं सैल

एप्रिल लागला की आमच्या घराला मशीनच्या तेलाचा वास येऊ लागतो. ॲन आर्बरमधल्या बाकी लोकांना ऋतू बदललेला कळतो तो बुटांवरून. हिवाळाभर बुटांवर साचणारी मिठाची पांढरी रेघ एके दिवशी दिसेनाशी होते, पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेले बर्फाचे ढीग काळे पडून खचतात, आणि बसस्टॉपवरची माणसं एकमेकांकडे बघून उगाच हसायला लागतात. आम्हांला वासावरून कळतं. ईशा बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरते, कपाटातून चिलखताचे तुकडे काढून त्यावर मांडते आणि एकेका तुकड्यावरून तेलाचं फडकं फिरवत बसते. खांद्याचा पत्रा, कोपराची वाटी, पोलादी हातमोजे. गंज आला असेल तिथे व्हिनेगर. खिडकी उघडावी तर बाहेर अजून बोचरं वारं. न उघडावी तर गॅरेजात संसार मांडल्यासारखं वाटतं.

काल तिनं चादर अंथरली आणि माझ्या चहाची चव गेली.

तशी मी भित्री नाही. नागपुरात कॉलेजात असताना खळीची बादली घेऊन भिंतींवर पोस्टरं चिकटवलीत, चौकात उभं राहून पत्रकं वाटलीत, पोलिसांच्या गाडीत बसून घोषणा दिल्यात. इथे भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. घरमालकाच्या दारात जाऊन थंड पडलेल्या हीटरचा जाब विचारायला मला काही वाटत नाही. समोर माणूस असला, त्यानं काहीतरी चुकीचं केलेलं असलं, की माझ्या भीतीचा आपोआप राग होतो, आणि राग मला वापरता येतो. पण वर्षातले हे काही आठवडे असे की समोर कुणीच नसतं. नुसती भीती असते. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ईशा ही माझ्या नंदूकाकांची मुलगी. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. गाड्यांच्या कारखान्यांच्या कामासाठी पुण्याहून मिशिगनला आले आणि इथलेच झाले. ईशाचा जन्म इथला. ती विद्यापीठात शिकायला लागली तेव्हा वेगळं राहायची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर, की मुक्ताताईबरोबर राहायचं. काकूनं कुकरची जादा रिंग आणि पोटची मुलगी एकाच दमात माझ्या हाती दिली. "तुझ्यावर सोडतेय बरं का," एवढंच म्हणाली. आणि पहिल्याच हिवाळ्यात या मुलीनं जाहीर केलं की ती चिलखत घालून लढणार आहे.

हे नाटक असेल असं आधी वाटलं होतं. तसं नसतं. मध्ययुगातला युरोप जसाच्या तसा उभा करायचा नाद असलेली मंडळी इथे गावोगावी आहेत. कुणी त्या काळचे कपडे शिवतं, कुणी चुलीवर रस्सा शिजवतं, आणि त्यातलेच काही जण खऱ्या पोलादाचं चिलखत घालून खऱ्या पोलादाच्या तलवारीनं लढतात. धार बोथट, एवढीच काय ती सवलत. लाकडी कठड्याच्या आत दोघी उतरतात, पंच हात खाली करतो आणि फेरी संपेपर्यंत मारामारी. एक नियम मी पहिल्या दिवशी पाठ केला, कारण मला तोच एक बरा वाटला: जिला नको झालं तिनं खाली बसायचं. बसली की लढत संपली. बसलेलीवर हात उचलायचा नाही.

सराव व्हायचा गावाबाहेर, टायरच्या बंद पडलेल्या दुकानात. बर्फातून बस बदलत तिथे जायचं. आत शिरलं की लग्नाच्या मांडवामागे ताशा आणि भांडी एकदमच वाजायला घ्यावीत तसा आवाज. श्वासाच्या वाफा, रबराचा जुना वास, घामाचा नवा. चिलखताखाली घालायचा जो जाड, कापूस भरून टाके घातलेला अंगरखा असतो तो काकूला पहिल्यांदा दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ही तर बाह्यांची गोधडी. तो अंगरखा ओला होऊन घरी यायचा आणि आमच्या कोमट हीटरवर आठवडाभर वाळायचा, म्हणजे वाळायचा नाहीच. त्या हिवाळ्यात मी अख्ख्या इमारतीच्या हीटरसाठी सह्या गोळा करत होते. खरं सांगायचं तर अर्धा जोर त्या अंगरख्याच्या वासाचा होता. काका फोनवर म्हणायचे, "व्हिसावर आहेस बाळा, जरा हळू ओरड."

आणि त्याच हिवाळ्यात मी चिलखत-खरेदी या विषयाची जाणकार झाले. कुणी सांगितलं नव्हतं. ईशा उसन्या शिरस्त्राणात शिकत होती आणि डेना, तिची प्रशिक्षक, शाळेत गणित शिकवणारी आडव्या बांध्याची बाई, सांगून चुकली होती की वसंतातल्या स्पर्धेत उतरायचं तर डोकं स्वतःचं हवं. हातपाय एकमेकींचे चालतात. डोकं चालत नाही. मग मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाती आणि फोन एका हाती धरून दुकानांची पानं चाळायला लागले.

आता मला सांगा, टोस्टर घ्यायचा म्हटला तर त्याच्यावर किती शिक्के असतात. लहान मुलाच्या सायकलवरच्या हेल्मेटला प्रमाणपत्र लागतं. पण माणसानं माणसाच्या डोक्यात पोलादी दांडकं घालायचं ठरवलं, की ते अडवणाऱ्या टोपड्याला कुणी विचारत नाही. पानावर वरती चकचकीत फोटो, हाताची घडी घातलेला दाढीवाला, मोठ्या अक्षरांत 'रणांगणासाठी सज्ज'. खाली, जिथे बोट पोचत नाही तिथे, राखाडी अक्षरांत 'केवळ शोभेसाठी'. दोन्ही एकाच वस्तूबद्दल. पत्र्याची जाडी विचारली तर उत्तर येतं की आमचे ग्राहक समाधानी आहेत. मी ग्राहकांच्या समाधानाची जाडी विचारली नव्हती.

मी पत्रक काढलं. दुसरं काय करणार. मथळा होता: डोकं एकच आहे. खाली लिहिलं की पोलाद किती जाड ते विचारा, पोलाद भट्टीतून काढून टणक केलेलं आहे का ते विचारा, जोड कुठे आहे ते बघा, डोळ्यांच्या फटीतून तलवारीचं टोक जातं का ते बघा, हनुवटीचा पट्टा कशाला शिवलाय ते ओढून बघा, आणि माप घ्याल ते आतली गादी डोक्यावर चढवून, तिच्यावरून घ्या. गुलाबी कागदावर छापलं, कारण संघटनेत गुलाबी कागद उरला होता. टायरच्या दुकानात वाटलं. लोकांनी भक्तिभावानं घेतलं. डेनानं एक प्रत संडासाच्या दारावर आतून चिकटवली, तिथे सगळे वाचतात म्हणून.

त्या पत्रकाखातर तिथला ब्रेंट माझ्याशी बोलायला आला. चांगला मुलगा आहे. ईशाला पडायचं कसं ते त्यानंच शिकवलं. तो हवेबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाला की पत्रकात एक ओळ राहिली, इंडियन माल घेऊ नका, तो पत्रा असतो.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण कुठल्या पोळ्यात हात घातला. मी त्याला विचारलं की पातळ पत्रा मागवतं कोण. हातोडा मारणाऱ्याला जो भाव मिळतो तो ठरवतं कोण. बोटीचं भाडं वाचावं म्हणून जाडी कमी करून घेतात ते व्यापारी कुठल्या देशात बसतात. बोलता बोलता माझा आवाज चौकातला झाला. हॉलमधली तलवारबाजी थांबली, माणसं शिरस्त्राणांच्या झडपा वर करून बघायला लागली. ब्रेंट म्हणाला, त्याला फक्त हेल्मेट म्हणायचं होतं. आणि ईशा तिच्या उसन्या लोखंडातून हळूच म्हणाली, "ताई, प्लीज."

रविवारी काकांकडे जेवताना मी हे सगळं पुन्हा, जरा जास्त तिखट करून सांगितलं. काकू हसली. काका हसले नाहीत. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. काका गाडीच्या दाराभोवती असते ती रबरी पट्टी बनवण्यात जन्म घालवलेले गृहस्थ आहेत. दाराची फट केसभर वाढली तर हायवेवर गाडी शिट्टी घालते, हे त्यांचं आवडतं वाक्य, आमच्याकडे पोरांनाही पाठ आहे. ते म्हणाले की भारतात नीट बनतं, नीट सांगितलं की. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, ईशाचं शिरस्त्राण आपण तिथूनच करवून घेऊ.

मला वाटलं, वा. मी पत्रकं काढते, आणि या माणसानं एका जेवणात कृती ठरवली.

उत्तर भारतातल्या एका गावात असली कामं करणारी बरीच कारखानदार मंडळी आहेत. कुणाच्या तरी ओळखीतून काकांना त्यातला एक मिळाला. सकाळी आमचा नाश्ता चालू असायचा आणि तिकडे संध्याकाळचे दिवे लागलेले असायचे. फोनच्या पडद्यावर मागे ठिणग्या उडताना दिसायच्या. मालक शांत माणूस होता. काकांनी जाडी सांगितली तेव्हा तो एकदम खुलला. म्हणाला, "साहब, वहाँ से सब पतला ही मँगवाते हैं. आप पहले हो जो मोटा माँग रहे हो." मी ते वाक्य ब्रेंटला नेऊन ऐकवलं. भाषांतरासकट. दोनदा.

पेटी आली ती बर्फ पडत असताना. लाकडी पेटी, आत भुसा, भुशाखाली हिंदी वर्तमानपत्राचे बोळे. उघडल्यावर गोदामाचा, ओल्या गोणपाटाचा वास आला आणि काकांनी डोळे मिटून तो घेतला. शिरस्त्राण सुंदर होतं हो. राखाडी, भारी, पुढे चिमणीच्या चोचीसारखी झडप. नखानं टिचकी मारली तर पातेल्यासारखं न वाजता घंटेसारखं वाजायचं. काकूनं ते देवघरासमोर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, वर लिंबू फिरवलं. ईशा म्हणाली, "आई, इट्स नॉट अ कार." काकू म्हणाली, गाडीत तरी एअरबॅग असते.

मग ईशानं ते घातलं. काका वाकून फटीतून तिचे डोळे शोधत होते. ती म्हणाली, "परफेक्ट, बाबा." आणि लगेच काढलं.

मला तेव्हा काही कळलं नाही. कसं कळणार? मी पोलाद बघत होते.

त्या वसंताचा माझ्या डोक्यात अजून एक न वाळलेला कोपरा आहे. घरात सगळीकडे पट्टे, बकलं, चामड्याचे तुकडे. सिंकजवळ भांडी घासायच्या घासणीशेजारी चिलखताची घासणी, आणि त्या दोहोंची एकदा अदलाबदल झाल्यामुळे कढीला लागलेली लोखंडी चव. ईशाच्या दंडांवर हिरवे-जांभळे डाग, जे ती काकूशी व्हिडिओवर बोलताना बाही ओढून झाकायची. रस्त्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहायचं. मी बसमध्ये बसून स्पर्धकांनी सह्या करायचा कागद वाचायचे. त्यात लिहिलं होतं की काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत. मी त्याच्यावर निबंध लिहू शकले असते. मनात लिहिलाही.

स्पर्धा जत्रेच्या मैदानातल्या जनावरांच्या शेडमध्ये होती. गुरं शरद ऋतूत येऊन गेलेली, वास मुक्कामाला राहिलेला. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. काकूनं थर्मासमधून आल्याचा चहा आणि झिपच्या पिशवीत चिवडा आणला होता. मखमली झगे घातलेल्या अनोळखी बायकांना ती चिवडा देत होती आणि त्या 'ओह वॉव' म्हणत मूठ पुढे करत होत्या. काका नुसते फिरत होते. तपासणीच्या टेबलावर एका म्हाताऱ्या पंचानं मापाच्या पकडीनं पोलादाची जाडी मोजली, पट्टा ओढला, ईशाच्या डोक्यावर चढवून दोन्ही बाजूंनी हलवून बघितलं. घट्ट बसलं होतं. त्यानं विचारलं, कुणी बनवलं. काका म्हणाले, इंडिया. पंच म्हणाला की सुरेख काम आहे. मी ब्रेंटकडे बघितलं. त्यानं दिलदारपणे मान झुकवली. काकांची मान मी आयुष्यात पहिल्यांदा तेवढी उंच झालेली बघितली.

ईशासमोर ओहायोची एक उंच मुलगी होती. पहिली फेरी मी बोटांच्या फटीतून बघितली. ईशा बरी लढली. ढाल वर ठेवली, मागे सरकली, एकदा तर खांद्यावर नीट वार बसवला. काकू माझ्या शेजारी कठड्याची फळी धरून उभी होती. काकूचं ईशाशी मराठी आता थोडकंच उरलंय: जेव, हळू, उठ, खाली बस. पोरगी उत्तर इंग्रजीत देते. दोघींचं त्यात कधी अडलेलं मी बघितलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्या उंच मुलीचा वार ईशाच्या कानशिलावर आला. पोलाद घंटेसारखं वाजलं. फार काही नव्हतं, असले वार त्या रोज खातात. पण वाराबरोबर शिरस्त्राण फिरलं. ईशाचं डोकं होतं तिथेच राहिलं आणि त्याच्याभोवती ते लोखंड वळलं, सैल झाकण वळावं तसं. चोच खांद्याकडे गेली. डोळ्यांची फट कानावर गेली.

आत अंधार झाला असणार. तिनं तलवारीचा हात हवेत एकदा फिरवला, कुणीच नसलेल्या दिशेला. पंच दुसऱ्या बाजूला होता, त्याला तिची पाठ दिसत होती. समोरच्या मुलीला काय झालंय ते कळायच्या आत तिनं पुढचा वार उचललेला होता. ईशाची मान वाकडी झालेली, उघडी. मी ओरडले. चौकात, मोर्च्यात कमावलेला आवाज आहे माझा. स्टॉप म्हणून ओरडले. पण तिथे सगळेच ओरडत होते, सगळेच इंग्रजीत, आणि लोखंडाच्या आत ते सगळं मिळून नुसता पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं, असं ईशानं मागून सांगितलं.

आणि लाज वाटते सांगायला, पण त्याही क्षणी माझ्या डोक्यात पत्रक चालू होतं. कारखानदार, व्यापारी, पंच, आयोजक. कुणाचा निषेध आधी.

शेजारून काकू म्हणाली, "ईशा, खाली बस."

ओरडली नाही. जेवणाच्या टेबलाशी, गाडीच्या मागच्या सीटवर, पूजेच्या वेळी चुळबुळ करणाऱ्या पोरीला म्हणतात तसं, त्याच पट्टीत, फक्त मोठ्यानं. आणि तेवढं सगळं पोलाद एकदम, काही विचार न करता, मातीत खाली बसलं. तलवार वरून गेली. वाऱ्याचा आवाज मला कठड्याबाहेर ऐकू आला. मग पंचाचा हात वर आला आणि त्या उंच मुलीनं तलवार टाकून दिली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ईशाचं शिरस्त्राण धरलं, हलू नये म्हणून.

बाकावर बसवून डेनानं ते काढलं. आतून आधी फोमच्या पट्ट्या निघाल्या, घामानं भिजून पापडासारख्या चपट्या झालेल्या. मग एक लोकरीची टोपी. मग दुसरी. दुसरी माझी होती, थंडीभर शोधत होते मी ती. मग ईशाचा चेहरा, नाकातून थोडं रक्त, केस कपाळाला चिकटलेले. डॉक्टर बाईनं डोळ्यांत दिवा पाडून बघितला, नाव विचारलं, आज कोणता वार ते विचारलं, मान हळूहळू फिरवायला लावली. ठीक होतं. मी तोवर डेनाला विचारत होते की हे मापात चुकलंच कसं, कारखान्यात कोण होतं, त्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावू.

"मी दोन बोटं वाढवून सांगितलं होतं," काका म्हणाले.

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते, हातात चिवड्याची रिकामी पिशवी. काकू म्हणाली, "मीच म्हटलं ना तुम्हांला, वाढत्या अंगाचं सांगा. एवढं महागाचं करतोय तर पुरलं पाहिजे." विशीच्या मुलीचं डोकं आता कुठे वाढणार आहे, हे तिला ते वाक्य बोलता बोलताच दिसलं असावं.

ईशा म्हणाली, "आय नो, बाबा." ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. तिला फक्त त्यांच्यासमोर ते सैल आहे असं म्हणायचं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहायला बसले. मथळा सुचला, खाली काही येईना. निषेध कुणाचा करू? मला शाळेतला माझा निळा स्कर्ट आठवला. खाली वीतभर दाब घातलेला, दरवर्षी बोटभर सोडायचा आणि सोडलेल्या जागी गडद रेघ राहायची. त्या रेघा मोजून कुणीही सांगू शकलं असतं मी कितवीत आहे. बुटांच्या पुढच्या टोकात कापसाचे बोळे. अमेरिकेला निघताना बाबांनी घेतलेला कोट, ज्याच्या आत दोन स्वेटर मावले पाहिजेत म्हणून तो खांद्यावरून घसरतो. तो कोट मी अजून घालते. हीटरवाल्या घरमालकाशी भांडायला जाते तेव्हाही तोच असतो अंगावर. आमच्याकडे प्रेमाचं माप असंच असतं, दोन बोटं सैल. मूल वाढेल, वस्तू पुरेल, आणि आपण दूर असलो तरी आपण ठेवलेली जागा त्याच्याभोवती असेल. त्या जागेत आजवर थंडी शिरली होती, टिंगल शिरली होती. त्या दिवशी तलवार शिरली.

आणि जो माणूस केसाएवढ्या फटीवर जगला, त्यानंच ही फट सांगितली होती. कारखान्यात तो इंजिनिअर असतो. फोनवर तो बाप होता.

मागचं वर्षभर ईशा कठड्याबाहेर राहिली. इतरांचे पट्टे बांधले, पाणी दिलं. मला वाटलं सुटलो. मी हीटरची लढाई जिंकले त्या हिवाळ्यात. अंगरखा दारामागे कोरडा टांगलेला होता आणि मला चक्क त्याच्या वासाची आठवण यायची. मग या जानेवारीत ती रविवारी जेवताना म्हणाली की तिला परत उतरायचंय. काकूनं तिला वाढलं. काकांनी विचारलं, "मुक्ता, तुझं ते गुलाबी पत्रक आहे का गं?"

या वेळी माप घेताना मी तिथे होते. ईशा डायनिंगच्या खुर्चीत बसली, डोक्यावर गादीची टोपी घट्ट बांधून. काकांनी काकूची शिवणकामाची टेप घेतली, भुवयांच्या वरून फिरवली, नाकापासून मागे नेली, हनुवटीखालून वर. प्रत्येक वेळी तेच माप परत घेतलं. पडद्यावर तोच कारखानदार, मागे त्याच ठिणग्या. त्याला सगळं आठवत होतं. काकांनी आकडा सांगितल्यावर तो अदबीनं म्हणाला, "थोड़ा लूज़ रखें, साहब, पिछली बार जैसा?"

काकांच्या बोटांत टेप तशीच होती. काकू पोळीला तेल लावायचं थांबली होती. मी काही बोलणार होते, पण ते बोलायचं काम माझं नव्हतं.

"नहीं," काका म्हणाले. "जितना है उतना ही." आणि मग मराठीत, कुणालाच नाही असं, "तेवढंच."

नवं शिरस्त्राण आत्ता चादरीवर आहे, माझ्यासमोर. ईशानं ते घालून मान गदागदा हलवून दाखवली. लोखंड आणि पोरगी एकत्र हलली. मी तिला दहा वेळा हलवायला लावलं. ती म्हणाली, "ताई, आय एम गेटिंग डिझी." सगळं बरोबर आहे. जाडी बरोबर, पट्टा बरोबर, माप बरोबर. भांडायला कुणी उरलेलं नाही. आणि तरी मला चहा कडू लागतोय, कारण बरोबर मापाच्या आत डोकं तेच आहे, एकच.

मघाशी काकूचा फोन आला. शनिवारी चिवडा जास्त करू का, पाऊस आहे का, शेड तीच का. मग म्हणाली, "कुठे उभं राहिलं म्हणजे तिला आवाज पोचेल गं?"

मी सांगितलं, पंचाच्या टेबलाच्या समोरच्या बाजूला, कठड्याला वळण आहे तिथे. गर्दी व्हायच्या आत जाऊन जागा धरून ठेवते.